कृष्णाबाईच्या उत्सवात एक दिवस वाईला

नदीला देवी मानणारी गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. नदीला घरची वडीलधारी बाई मानून तिची ओटी भरणारे, तिला साडी-दागिन्यांनी नटवून पालखीत बसवणारे आणि सात घाटांवर तिचा आळीपाळीने पाहुणचार करणारे गाव मात्र विरळा. सातारा जिल्ह्यातील वाई हे असे गाव आहे. येथे कृष्णा ही 'कृष्णाबाई' होते. माघ महिना लागला, की तिचा उत्सव सुरू होतो आणि फाल्गुनापर्यंत तो एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सरकत राहतो.

पुण्याहून सुमारे नव्वद किलोमीटरवर असलेले वाई बहुतेक प्रवाशांना माहीत असते ते पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे गाव म्हणून. पसरणी घाट चढण्यापूर्वी चहासाठी थांबायचे, जमल्यास ढोल्या गणपतीला हात जोडायचे आणि पुढे निघायचे, एवढीच त्यांची वाईशी ओळख असते. वास्तविक हे गाव सबंध दिवस मागते. त्यातही हा दिवस उत्सवाच्या काळातील असेल, तर एरवी शांत दिसणाऱ्या घाटांचे आणि वाड्यांचे प्रयोजन ध्यानात येते.

उत्सवाची कुळकथा

कृष्णाबाईच्या उत्सवाचे मूळ परंपरेने शिवकाळात सांगितले जाते. वाई तेव्हा आदिलशाहीच्या अमलाखाली होती आणि हा सुभा अफजलखानाकडे होता. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आलेला खान याच परिसरात तळ देऊन बसला होता. हे संकट टळून महाराजांना यश मिळावे, म्हणून वाईतील शेंडे घराण्यातील एका विद्वान ब्राह्मणाने कृष्णेला नवस केला, अशी कथा येथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला आणि नवस फेडण्यासाठी कृष्णेचा उत्सव सुरू झाला, असे ही कथा सांगते.

प्रतापगडचा प्रसंग हा इतिहास आहे आणि नवस ही गावाची श्रद्धा. या दोहोंची सरमिसळ करण्याचे कारण नाही. तरीही वाईकरांनी आपल्या उत्सवाची नाळ राजकीय संकटाच्या स्मृतीशी जोडली, ही गोष्ट लक्षणीय आहे. देवाच्या जन्माची किंवा विवाहाची तिथी हे बहुतेक उत्सवांचे निमित्त असते. येथे निमित्त आहे ते भयमुक्तीचे, आणि ज्या नदीच्या काठी ते भय दाटले होते तिचेच आभार मानण्याचे.

कृष्णेचे असे उत्सव वाईपुरते मर्यादित नाहीत. खाली कऱ्हाडलाही कृष्णामाईची यात्रा भरते. परंतु एकाच गावात सात ठिकाणी, सात स्वतंत्र मांडवांत, पाठोपाठ होणारे उत्सव ही वाईची खासियत होय.

सात घाट, सात आळ्या

जुन्या वाईची रचना नदीला धरून आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी अशा तिच्या आळ्या आहेत. प्रत्येक आळीचा आपला घाट, आपली कृष्णाबाई आणि आपला उत्सव. प्रत्येक घाटाचे दिवस तिथींप्रमाणे ठरलेले असतात. एका आळीचा उत्सव आटोपला, की दुसरीकडे मांडवाची लगबग सुरू होते. त्यामुळे गावात कोणीही 'उत्सव कधी आहे' असे मोघम विचारत नाही, 'सध्या कुठल्या घाटावर आहे' असे विचारतो.

उत्सवाचा आरंभ मिरवणुकीने होतो. कृष्णाबाईची मूर्ती पालखीतून वाजतगाजत घाटावर आणली जाते आणि मांडवात तिची स्थापना होते. पुढचे दिवस एका लयीत जातात. सकाळी अभिषेक आणि पूजा, नंतर पारायण किंवा स्तोत्रपठण, दुपारी महिलांची भजने आणि हळदीकुंकू, सायंकाळी आरती, रात्री कीर्तन, प्रवचन किंवा गायन. एखाद्या दिवशी महाप्रसाद असतो आणि शेवटी लळिताच्या कीर्तनाने सांगता होते. लळीत हा उत्सवाच्या समारोपाचा जुना मराठी प्रकार आहे. त्यातील सोंगे आणि संवाद यांमध्ये मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांनी नाटकाची बीजे शोधली आहेत.

उत्सवाचा खर्च, मांडवाची उभारणी, पंगतीचे वाढप, कीर्तनकारांची उतरण्याची सोय, हे सारे आळीकर वाटून घेतात. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मंडळी आपल्या आळीच्या उत्सवाला आवर्जून येतात. ज्या माहेरवाशिणींचे माहेरचे घर आता उरलेले नाही, त्याही कृष्णाबाईची ओटी भरायला येतात. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, भाऊबंद विखुरले. पण 'आमची आळी' हा शब्द ज्यामुळे टिकून आहे ते कारण म्हणजे हा उत्सव.

सकाळ : ढोल्या गणपती आणि काशीविश्वेश्वर

वाईला सकाळी नऊच्या आत पोहोचावे आणि थेट गणपती आळीच्या घाटावर यावे. येथील महागणपती 'ढोल्या गणपती' या लाडक्या नावाने ओळखला जातो. एकाच पाषाणात घडवलेली ही भव्य मूर्ती गाभाऱ्याच्या बाहेरूनच नजर व्यापून टाकते. हे मंदिर १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले.

दर्शन झाल्यावर मंदिराला वळसा घालून मागील भिंत अवश्य पाहावी. मंदिर नदीच्या पात्राला लागूनच आहे. पुराचा लोंढा थेट भिंतीवर आदळू नये, म्हणून ती सपाट न ठेवता माशाच्या आकाराची निमुळती केली आहे. त्यामुळे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. अडीचशेहून अधिक वर्षे कृष्णेचे पूर अंगावर घेत हे मंदिर उभे आहे, याचे बरेचसे श्रेय या भिंतीला द्यावे लागेल. नदीशी भांडायचे नाही, तिला वाट करून द्यायची, हा त्या काळच्या स्थपतींचा विचार दगडात उतरलेला येथे दिसतो.

शेजारीच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. ते आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधले. तट, दीपमाळा, मंडप आणि काळ्या पाषाणातील गुळगुळीत, रेखीव नंदी हे सारे निवांत बघण्यासारखे आहे. नंदीच्या गळ्यातील घंटांची माळ आणि अंगावरील अलंकार कारागिराने ज्या निगुतीने कोरले आहेत, ते पाहण्यासाठी थोडे खाली वाकावे लागते.

वाईच्या वैभवात रास्ते घराण्याचा वाटा मोठा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच घराण्यातील, भिकाजी नाईक रास्ते यांच्या कन्या. पेशव्यांशी झालेल्या या सोयरिकीनंतर रास्त्यांचा उत्कर्ष झाला आणि त्यांनी वाईत मंदिरे, घाट व वाडे उभारले. आज 'दक्षिण काशी' म्हणून गावाचे जे रूप डोळ्यांसमोर येते, ते मुख्यतः अठराव्या शतकातील या बांधकामांचे आहे. महाभारतातील विराटनगरी ती हीच, असेही वाईकर मानतात; ती मात्र आख्यायिका आहे.

येथून घाटाच्या कडेने पायी चालत ज्या आळीचा उत्सव चालू असेल तेथे जावे. मांडवात पाहुण्याला कोणी अनोळखी समजत नाही. चप्पल बाहेर काढून दर्शन घ्यावे आणि सतरंजीवर थोडा वेळ बसावे. महाप्रसादाचा दिवस असेल, तर आग्रह होतोच. पंगतीला बसणार असाल, तर यथाशक्ती देणगीची पावती फाडणे हा साधा शिष्टाचार आहे.

दुपार : मेणवलीचा वाडा आणि वसईची घंटा

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा येथे कृष्णाकाठी उभा आहे. चौकांमागून चौक, लाकडी खांब, भिंतींवरील चित्रांचे अवशेष आणि नदीकडे उघडणारा दरवाजा अशी त्याची रचना आहे. वाडा खासगी मालकीचा असल्याने आत जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि तेथील नियम पाळावेत.

या वाड्याचे खरे धन भिंतींत नव्हते, ते कागदांत होते. नानांच्या पत्रव्यवहाराचा मोठा संग्रह 'मेणवली दप्तर' म्हणून ओळखला जातो. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या संग्रहातून तो पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचला. उत्तर पेशवाईचा अभ्यास करणाऱ्याला तो आजही टाळता येत नाही.

वाड्यामागील अर्धचंद्राकृती घाट हे वाई परिसरातील सर्वांत सुंदर ठिकाण म्हणता येईल. येथे मेणेश्वराचे आणि विष्णूचे मंदिर आहे आणि जवळच एक मोठी घंटा टांगलेली आहे. नीट निरखून पाहिले, तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती दिसते. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेनंतर चर्चमधील अनेक घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या. भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर येथील घंटाही याच वंशातल्या. प्रार्थनेला बोलावणारी घंटा धर्म बदलूनही प्रार्थनेलाच बोलावत राहिली, एवढीच काय ती तिची कहाणी.

हा घाट अनेकांना पाहिल्यासारखा वाटतो, त्याचे कारण चित्रपट. २००४ मधील 'स्वदेस'चे बरेचसे चित्रीकरण मेणवलीत झाले. त्याआधी आणि नंतरही हिंदी-मराठी चित्रपटांनी वाईचे घाट आणि रस्ते भरपूर वापरले. पडद्यावर ही जागा बहुधा उत्तर भारतातील गाव म्हणून येते, हा वाईच्या नशिबातील एक गमतीचा भाग आहे.

हाताशी वेळ असल्यास आणखी पुढे धोमपर्यंत जावे. धौम्य ऋषींच्या नावाशी जोडलेल्या या गावात नृसिंहाचे व महादेवाचे मंदिर आहे. महादेवासमोरील नंदी कमळाच्या आकाराच्या कुंडात, कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे. कुंडात पाणी असले, की कासव नंदीला घेऊन पोहत असल्याचा भास होतो.

विद्येची वाई

वाईला काशीची उपमा मिळाली ती केवळ घाटांमुळे नव्हे. वेदशास्त्रसंपन्न पंडितांची परंपरा हे तिचे दुसरे कारण. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा उभी केली. जुन्या शास्त्रांचे अध्ययन नव्या दृष्टीने व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. विनोबा भावे काही काळ येथे अध्ययनासाठी राहिले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले. धर्मशास्त्राच्या आधारेच अस्पृश्यतेच्या विरोधात उभा राहणारा पंडित या गावाने दिला, हे विसरता येणार नाही.

मराठी विश्वकोशाचे काम वाईत आले ते तर्कतीर्थांमुळे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १ डिसेंबर १९८० रोजी मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ स्वतंत्रपणे स्थापन झाले. मुंबई-पुण्यासारखी शहरे सोडून एवढा मोठा ज्ञानप्रकल्प एका तालुक्याच्या गावी चालला आणि गंगापुरीतील कचेरीतून जगभराच्या विषयांवरील नोंदी मराठीत सिद्ध झाल्या.

शाहीर साबळे यांचे जन्मगाव पसरणी वाईपासून हाकेच्या अंतरावर आहे. एका बाजूला शास्त्रार्थ आणि दुसऱ्या बाजूला शाहिरी, असा हा प्रदेश आहे.

संध्याकाळ : घाटावरचे कीर्तन

मुक्काम नसला, तरी परतीची घाई करू नये. सूर्य डोंगराआड गेला, की घाटांवर दिवे लागतात. आरतीनंतर गर्दी थोडी पांगते आणि कीर्तनाची बैठक जमू लागते. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे तत्त्वविवेचन होते, मग उत्तररंगात आख्यान रंगते. पुढे ज्येष्ठ मंडळी, मागे घाटाच्या पायऱ्यांवर तरुण, आणि सर्वांत मागे खेळता खेळता अधूनमधून कान देणारी मुले असतात. माघातील थंडी अजून पुरती सरलेली नसते. शाल किंवा स्वेटर बरोबर असलेला बरा.

शहरात अशा कार्यक्रमांना सभागृह लागते, तिकीट लागते. येथे नदीचा काठ हेच सभागृह आहे आणि यजमान खुद्द नदी आहे.

नदीचे काय?

या उत्सवाबद्दल लिहिताना मांडवाच्या चार पावलांवर असलेल्या पाण्याबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाबळेश्वरी उगम पावून सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत आंध्र प्रदेशात समुद्राला मिळणाऱ्या कृष्णेच्या काठचे पहिले मोठे गाव वाई आहे. म्हणजे नदी येथे येते तेव्हा तिचा प्रवास नुकताच सुरू झालेला असतो. असे असूनही वाईच्या पात्रात सांडपाणी मिसळते, उन्हाळ्याच्या तोंडाला प्रवाह मंदावला की जलपर्णी पसरते, आणि काही घाटांवर आचमनासाठी ओंजळ भरताना हात अडखळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत महाराष्ट्रातील कृष्णेचाही समावेश होता.

कारणे एकाच बाजूची नाहीत. वरच्या अंगाला धोमचे धरण झाल्यापासून पात्रातील पाणी धरणाच्या विसर्गावर अवलंबून असते. गाव वाढले, २०११ च्या जनगणनेत वाई शहराची लोकसंख्या ३६ हजारांच्या घरात होती. पर्यटकांची वाहने वाढली, त्यांच्यामागून प्लॅस्टिक आले. यात भाविकांचाही हातभार आहे. निर्माल्य, ओटीचे सामान, द्रोण आणि पत्रावळी श्रद्धेनेच पाण्यात सोडल्या जातात. गुरू कन्या राशीत आला, की गंगा कृष्णेच्या भेटीस येते, अशी समजूत आहे. बारा वर्षांनी येणारे हे 'कन्यागत' पर्व २०१६ मध्ये झाले. पुढील पर्वाला गंगा येईल तेव्हा तिला काय दाखवायचे, हा प्रश्न वाईकरांना पडला तर तो रास्तच आहे.

समाधानाची गोष्ट अशी, की तो काही जणांना पडलेला आहे. स्थानिक स्वयंसेवक घाटांची आणि पात्राची स्वच्छता नेमाने करतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, तसे महाविद्यालयीन विद्यार्थीही असतात. झाडू आणि घमेले घेऊन पात्रात उतरणाऱ्या या मंडळींची सेवा पालखीला खांदा देण्याइतकीच धार्मिक मानली पाहिजे. मात्र हाताने काढलेला गाळ आणि नळातून सतत येणारे सांडपाणी यांची शर्यत विषम आहे. सांडपाणी पात्रात पोहोचण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया होणे, हे काम स्वयंसेवकांचे नाही, ते यंत्रणेचे आहे. ज्या नदीने संकटातून सोडवले, असे साडेतीन शतके सांगितले गेले, तिला सोडवण्याची पाळी आता गावावर आली आहे.

एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यालाही यात वाटा उचलता येतो. फुले आणि ओटीचे सामान पाण्यात सोडू नये, मांडवात ठेवलेल्या ठिकाणीच द्यावे. पाण्याची बाटली आणि खाण्याच्या पिशव्या परत आपल्याबरोबर न्याव्यात. साबण लावून स्नान करू नये आणि वाहने पात्राच्या कडेला धुऊ नयेत.

कसे जाल, केव्हा जाल?

पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ (पूर्वीचा ४) धरून खंबाटकीचा डोंगर ओलांडला, की सुरूर फाटा लागतो. तेथून उजवीकडे वळल्यावर थोड्याच अंतरावर वाई आहे. स्वतःच्या वाहनाने साधारण दोन ते अडीच तास लागतात. स्वारगेटहून वाईला तसेच वाईमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटी गाड्या मिळतात. मुंबईहून अंतर जवळपास २३० किलोमीटर असल्याने एका दिवसात जाऊन येणे दगदगीचे होते; मुंबईकरांनी एक रात्र मुक्कामाचा बेत करावा. रेल्वेने येणाऱ्यांना वाठार किंवा सातारा स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने यावे लागते. मेणवली व धोमसाठी वाईत रिक्षा ठरवता येते.

उत्सवाच्या तारखा तिथींवर अवलंबून असल्याने दरवर्षी बदलतात. निघण्यापूर्वी पंचांग पाहावे आणि कोणत्या आळीचा उत्सव चालू आहे, याची वाईतील परिचितांकडे चौकशी करावी. शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या वाहनांमुळे वाईत कोंडी होते. जमल्यास मधला वार निवडावा. गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लावून घाटांवर पायी फिरणे सोयीचे आणि आनंदाचेही आहे.

फाल्गुनात येणार असाल, तर रंगपंचमीला जवळच्या बावधन येथे भैरवनाथाचे बगाड असते. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत बैलांच्या अनेक जोड्या अवजड लाकडी गाडा ओढत नेतात आणि त्याच्या उंच शिडाला नवसाचा बगाड्या बांधलेला असतो. या यात्रेला प्रचंड गर्दी होते. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील, तर तो दिवस टाळून घाटावरच्या उत्सवाला येणे इष्ट.

परतताना बाजारातून वाईची हळद घ्यावी. या तालुक्यातील हळदीला जुना लौकिक आहे. उत्सवाच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पाचगणीकडील स्ट्रॉबेरीही विकायला असते. स्ट्रॉबेरी घरी पोहोचेपर्यंत टिकेल याची खात्री नाही. हळद मात्र पुढच्या माघापर्यंत पुरेल.